निर्णय वर, जाब खाली

४ जानेवारी २०२३ रोजी, मध्यरात्रीचा ठोका पडताच महाराष्ट्रातल्या सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. संप ७२ तासांचा जाहीर झाला होता. तिसावर संघटना एका संघर्ष समितीत एकत्र आल्या होत्या आणि त्यांत खांबावर चढणाऱ्या तंत्रज्ञापासून अभियंत्यांपर्यंत सगळे होते. ८६ हजार कायम कर्मचारी आणि ४० हजारांवर कंत्राटी कामगार आपल्या बाजूने आहेत, असं समितीचं म्हणणं होतं. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, लावला. सकाळपासून ठिकठिकाणी बंद पडलेला पुरवठा जोडायला माणूस नव्हता. दुपारी सह्याद्री अतिथीगृहावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बैठक झाली आणि पहिला दिवस संपायच्या आत संप मागे घेतला गेला.

इतक्या लवकर मिटलेला हा संप अजून आठवावा तो त्याच्या मागणीसाठी. पगारवाढ, बोनस, भत्ता यांपैकी काहीही तिच्या केंद्रस्थानी नव्हतं. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना मिळावा म्हणून अदानी समूहाच्या कंपनीने राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला होता. तो मंजूर होऊ नये, ही मुख्य मागणी. म्हणजे आपल्या कंपनीचे ग्राहक आपल्याच कंपनीकडे राहावेत म्हणून नोकरदारांनी काम बंद ठेवलं. ग्राहक टिकवण्याची चिंता एरवी व्यवस्थापनाने वाहायची असते. इथे ती वायरमनच्या डोक्यावर आली, कारण वरची माणसं ती वाहतील यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. वीज वाटणाऱ्या महावितरण कंपनीतल्या असंतोषाचं मूळ मला या उडालेल्या विश्वासात दिसतं. पगाराची भांडणं आहेतच. दर पाच वर्षांनी होणारा वेतन करार नेहमीच लांबतो. १ एप्रिल २०२३ पासूनची वाढ जाहीर व्हायला २०२४ चा जुलै उजाडला. पण ती भांडणं मिटतात. मूळपगारात १९ टक्के वाढ मिळाली आणि तो विषय तेवढ्यापुरता संपला. दुसरं जे आहे ते संपत नाही.

खेड्यापाड्यांत आजही लोक ‘एमएसईबी’ म्हणतात, किंवा नुसतं ‘बोर्ड’. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी, राज्य जन्मल्यावर दोन महिन्यांच्या आत, स्थापन झालं. कोयनेची वीज, कोराडीची वीज, गावोगाव पोचलेल्या तारा हा सगळा त्या बोर्डाचा कारभार. तिथली नोकरी म्हणजे घराची सोय लागली, अशी भावना होती आणि कामगार संघटनाही जबरदस्त होत्या. पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झालेले ए. बी. बर्धन हे नागपूरचे, आणि वीज कामगारांच्या चळवळीतूनच घडलेले. या संघटनांना आपल्या धंद्याचं गणित कळत होतं, हे एन्रॉनच्या काळात दिसलं. एन्रॉन कंपनीच्या दाभोळच्या प्रकल्पाची वीज परवडणारी नाही, असं जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगितलं होतं. पुण्याच्या ‘प्रयास’ने करारातले आकडे मांडून दाखवले. ‘सिटू’ ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तरी करार पुढे रेटला गेला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि तिची बिलं भरता भरता बोर्डाचं कंबरडं मोडलं. माधव गोडबोले समितीने या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले आणि २००१ च्या मे महिन्यात बोर्डाने करार मोडला.

बोर्डातल्या जुन्या पिढीच्या मनावर याचा जो ओरखडा उठला तो समजून घेतल्याशिवाय २०२३ चा संप कळणार नाही. निर्णय मंत्रालयात झाला होता. तोटा मात्र बोर्डाच्या नावावर पडला, आणि मग ‘सरकारी बोर्ड तोट्यातच चालायचं’ हे वाक्य त्याच बोर्डाच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं. वीज कायदा २००३ आला. त्यानुसार ६ जून २००५ पासून मंडळाचे तुकडे झाले: वीज तयार करणारी महानिर्मिती, उच्चदाबाच्या वाहिन्या सांभाळणारी महापारेषण, घराघरात वीज पोचवणारी महावितरण आणि या तिघींच्या वर एक सूत्रधारी कंपनी. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी होणार नाहीत, अशी कायद्याचीच हमी होती. पण हुद्द्यांची नावं, बदल्यांची व्याप्ती, पदांची संख्या, कोणतं काम कंत्राटावर जाईल, हे सगळं यापुढे कंपनीच्या हातात आलं.

कंपनी म्हटली की मालक, संचालक मंडळ, व्यवस्थापक अशी उतरंड डोळ्यांपुढे येते. महावितरणमध्ये ‘वरचे’ म्हणजे नेमके कोण, हे सांगणं अवघड आहे. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक हे सनदी अधिकारी. आज इथे, उद्या दुसऱ्या खात्यात. विजेचा दर ठरवतो नियामक आयोग. शेतीला सवलत किती द्यायची ते ठरवतं मंत्रिमंडळ. वीज कोणाकडून, किती वर्षांसाठी घ्यायची याचे करार मुंबईत वांद्र्याच्या ‘प्रकाशगडा’त होतात. सेक्शन ऑफिसातल्या शाखा अभियंत्याच्या वाट्याला यातला एकही निर्णय येत नाही. तीन कोटींच्या आसपास असलेल्या ग्राहकांना मात्र कंपनीचा चेहरा म्हणून तोच भेटतो. तो आणि त्याचा लाईनमन, ज्याला कंपनीने ‘जनमित्र’ असं नाव दिलं आहे.

या माणसाच्या वाट्याला काय येतं, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं शेतीपंपांच्या वसुलीत.

राज्यात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि निवडणूक आटोपल्यावर, २००५ मध्ये, ती मागे घेतली गेली. ‘भरू नका’ असं सरकारनेच एकदा सांगितलं की पुढची कित्येक वर्षं बिल भरायला लावणं कठीण जातं. त्यात मीटर नसलेल्या पंपांना अश्वशक्तीवर ठोकताळ्याने बिल. विहिरीत पाणी असो-नसो, बिल येणारच. मीटर असला तरी वाचायला कोणी येत नाही, ही तक्रार आहेच. थकबाकी ४० हजार कोटींच्या पुढे गेली. मग कृषिपंप वीज जोडणी धोरण २०२० आलं. त्यात चालू बिल आणि थकबाकीचा अर्धा हिस्सा मुदतीत भरला तर उरलेलं माफ होणार होतं. वसूल झालेल्या रकमेचा एक तृतीयांश ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या वीजकामांना आणि तेवढाच जिल्ह्याच्या कामांना मिळणार होता. कागदावर चांगली योजना होती, आणि मी हे मनापासून म्हणतो.

पण योजना गावात पोचली ती लाईनमनच्या पायांनी. २०२१-२२ च्या रब्बीत, गहू-हरभऱ्याला पाणी लागायच्या ऐन वेळी, थकबाकीदारांची वीज तोडायचे आदेश आले. एकेका पंपाची जोडणी तोडत फिरायला माणसं कुठे होती? म्हणून कित्येक ठिकाणी अख्खं रोहित्रच, म्हणजे डीपीच, बंद केलं गेलं. डीपीवर दहा पंप असतील आणि त्यातल्या तिघांनी बिल भरलेलं असेल, तर त्या तिघांच्याही पिकाचं पाणी तुटलं. ते तिघे मुंबईला जाऊन जाब विचारणार नव्हते. डीपीची किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच त्यांनी अडवलं. बऱ्याचदा तो त्याच पंचक्रोशीतला, कधी भावकीतलाच. शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या, विधानसभेत गदारोळ झाला आणि १५ मार्च २०२२ रोजी तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी वीजतोडणी तीन महिने थांबवल्याचं सभागृहात जाहीर केलं. पुढे २०२४ मध्ये तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत विजेची योजना आली.

शेतकऱ्याला दिलासा मिळाला याचं मला वाईट वाटत नाही. प्रश्न त्या कर्मचाऱ्याचा आहे. काल त्याने वरच्या हुकमाने गावाशी वैर घेतलं आणि आज वरूनच हुकूम फिरला. लोकांच्या लेखी वीज तोडणारा तो, आणि जोडून देणारे पुढारी. पुढच्या वसुलीला त्याच दारात त्यालाच उभं राहायचं आहे आणि तोवर त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नाही. अशा वेळी एखादा कर्मचारी कामचुकार बनतो, दुसरा तुसडा बनतो, तिसरा बदलीसाठी वशिला शोधतो. यालाच वरच्या बैठकांत ‘कर्मचाऱ्यांमध्ये जबाबदारीची जाणीव नाही’ असं नाव मिळतं.

करोनाच्या वर्षीही हेच झालं. २०२० च्या टाळेबंदीत मीटर वाचन थांबलं आणि सरासरीने बिलं गेली. त्यातच १ एप्रिलपासून दर बदललेले. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचनाची बिलं आली तेव्हा लोक हबकले. सवलत मिळेल, असं मंत्र्यांच्या तोंडून महिनोन्‌महिने ऐकू येत राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये कळलं की वापरलेल्या विजेचं बिल भरावंच लागेल. मग ती वसुली पुन्हा दारोदार. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतले खांब हजारोंनी आडवे केले होते. करोनाची धास्ती असताना बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या पथकांनी चिखलात आणि पडलेल्या माडा-पोफळींच्या राईत ते उभे केले. ज्या गावाने तेव्हा या माणसांना चहा-भाकरी दिली, त्याच गावात पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यासारखेच दुसरे बिलाच्या वादात शिव्या खात होते.

आता समांतर परवान्याकडे. वीज कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार एकाच भागात दोन वितरण कंपन्यांना परवाना मिळू शकतो. ग्राहकाला निवड मिळेल, स्पर्धेने दर उतरतील, असा त्यामागचा विचार. तो खोटा नाही. पण भारतात विजेचे दर क्रॉस सबसिडीवर उभे आहेत. कारखाने, दुकानं, मोठी कार्यालयं सरासरी खर्चापेक्षा जास्त दर देतात. शेती आणि गरीब घरं कमी देतात. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोज्याची औद्योगिक वसाहत, नवी मुंबईतली कार्यालयं इथून महावितरणला जास्तीचा दर मिळतो, तोही जवळपास शंभर टक्के वसुलीने. हानी कमी, चोरी कमी. नवा परवानाधारक नेमका याच भागात येऊ पाहतो. धाराशिव किंवा गडचिरोलीत समांतर परवाना मागायला कोणी येत नाही. चांगले ग्राहक गेले की त्यांच्या जास्तीच्या दरातून भरली जाणारी तूट उरलेल्यांवर पडते, नाहीतर सरकारी तिजोरीवर.

मुंबईने हे अनुभवलं आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला उपनगरांत किरकोळ ग्राहकांना वीज विकायला मोकळीक दिली, आणि पुढच्या वर्षीपासून तिथे आधीपासून वीज वाटणाऱ्या तेव्हाच्या रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. मोठे ग्राहक भराभर सरकले. २०१२ मध्ये आयोगाने टाटांना काही काळ फक्त महिना ३०० युनिटपर्यंतचे छोटे ग्राहकच घेण्याचं बंधन घालून पाहिलं. स्पर्धा सुरू झाल्यावर तिचा भार कुणावर पडतो हा प्रश्न आयोगाच्या दालनात वर्षानुवर्षं घोळत राहिला. संपकरी कर्मचारी यातल्या कायद्याच्या बारकाव्यांत गेले नसतील, पण गणित त्यांना अचूक कळलं होतं.

खाजगी कंपन्यांचा अनुभव त्यांनी जवळूनही घेतला होता. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडी टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेली. यंत्रमागांचं शहर, गळती आणि चोरी प्रचंड. टोरेंटने ती खाली आणली, हे मान्य केलंच पाहिजे. तिथल्या वसुलीच्या पद्धतींबद्दल आंदोलनंही झाली, तेही खरं. भिवंडीच्या यशावरून २०११ मध्ये नागपूरचा काही भाग, औरंगाबाद आणि जळगाव अशी तीन शहरं वेगवेगळ्या कंपन्यांना दिली. औरंगाबादची फ्रँचायझी २०१४ मध्ये संपली, जळगावची २०१५ मध्ये, नागपूरची २०१९ मध्ये. तिन्ही शहरं महावितरणने परत घेतली आणि ते काम करायला पुन्हा जुनेच कर्मचारी लागले. हा हिशेब लोकांपुढे मांडून, कुठे का जमलं आणि कुठे का फसलं याची चर्चा व्हायला हवी होती. ती झाली नाही आणि २०२० मध्ये मालेगाव व मुंब्रा-शीळ-कळवा फ्रँचायझीकडे गेले. आपलं मत कोणी विचारत नाही, ही कर्मचाऱ्यांची भावना इथून घट्ट झाली.

दरम्यान कंपनीच्या आतच नोकरीचा पोत बदलला. नवा तरुण लागतो तो ‘विद्युत सहायक’ म्हणून. तीन वर्षं मानधनावर, मग तंत्रज्ञ. त्याच्या शेजारी, तेच काम करणारा बाह्यस्रोत कर्मचारी ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. ठेकेदार बदलतो आणि माणूस तोच राहतो, वर्षानुवर्षं. सहायक, कायम तंत्रज्ञ आणि ठेकेदाराचा माणूस, एकाच शिडीवर चढणाऱ्या या तिघांचा पगार तीन तऱ्हेचा. रिक्त पदं भरली का जात नाहीत याचं एक कारण आयोगाच्या हिशेबातही आहे. कर्मचारी खर्च आणि देखभाल हा ‘नियंत्रणीय’ खर्च मानला जातो आणि त्याला निकषांची मर्यादा असते. वीजखरेदीचा खर्च वाढला तर तो इंधन समायोजन आकारातून ग्राहकाकडे सरकवता येतो. माणसं वाढवली तर तसं करता येत नाही. त्यामुळे पैसे वाचवायची वेळ आली की हात पहिल्यांदा माणसांवरच पडतो.

याची किंमत कशी मोजली जाते ते पाहायचं तर दुरुस्तीचं काम पाहावं. ११ केव्ही वाहिनीवर चढायचं असेल तर आधी उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचं. त्याने ब्रेकर उघडला, परमिट नोंदवलं, की इकडे एबी स्विच उघडायचा, लाईन मृत आहे का ते तपासायचं, दोन्ही बाजूंनी तारा अर्थ करायच्या आणि मगच खांबाला हात लावायचा. हे एकट्याचं काम नाही. पण रात्री दोन वाजता, पावसात, अनेक गावांचा भार एकाच्या गळ्यात असताना आणि फोनवर सरपंच, पत्रकार, साहेब तिघेही ‘लाईट कधी येणार’ विचारत असताना पायऱ्या गाळल्या जातात. एकाच खांबावरून दोन फीडरच्या तारा गेलेल्या असतात आणि बंद केलेला फीडर दुसराच निघतो. खालच्या लघुदाब तारेवर एखाद्या घरातला जनरेटर उलटा पुरवठा सोडतो. परमिट कायम तंत्रज्ञाच्या नावावर असतं आणि खांबावर कंत्राटी पोरगा चढलेला असतो. अपघात झाला की चौकशीचा निष्कर्ष बहुधा ठरलेला: सुरक्षा नियमांचं पालन झालं नाही. ते बरोबरच आहे. नियम पाळायला दोन माणसं लागतात आणि तिथे एकच होता, याची जबाबदारी त्या अहवालात कोणाकडे जात नाही.

कर्मचाऱ्यांची बाजू घेताना त्यांच्या संघटनांनाही काही विचारलं पाहिजे. इंटक, आयटक, मजदूर संघ, कामगार सेना, अभियंत्यांच्या वेगळ्या, मागासवर्गीयांच्या वेगळ्या अशा त्या विखुरलेल्या आहेत आणि बदल्या-बढत्यांत पुढाऱ्यांचं वजन वापरलं जातं, हे कोणी नाकारत नाही. नव्या जोडणीसाठी हेलपाटे मारणाऱ्या शेतकऱ्याला पैसे मागणारा कोणी प्रकाशगडातून आलेला नसतो. कंत्राटी कामगाराला कायम संघटनांनी किती काळ बाहेर उभं ठेवलं, हाही प्रश्न आहे. आकडे टाकून चोरी होते तेव्हा ती कोणाला दिसत नाही असं नाही. आयोगाने मार्च २०२० च्या दरआदेशात महावितरणने दाखवलेला शेतीचा वापर कमी धरला आणि वितरणहानी वाढवून धरली. शेतीच्या नावाखाली गळती दडत आली आहे, असाच त्याचा अर्थ. ही गळती फीडरवर रोज काम करणाऱ्याइतकी नीट कोणाला माहीत नसते. तो बोलला नाही. बोलला असता तर त्याचं कोणी ऐकलं असतं का, हेही खरंच आहे.

सह्याद्रीवरच्या त्या बैठकीत सरकारने सांगितलं की कंपन्यांचं खाजगीकरण करायचं नाही, आणि तीन वर्षांत ५० हजार कोटींची गुंतवणूक करायची आहे. गुंतवणूक हवीच, जुन्या तारा आणि वाकलेले खांब घोषणांनी सरळ होत नाहीत. पण तारांबरोबर माणसांचा हिशेबही मागायला हवा आणि तो मागायची जागा आहे. दरवाढीचा प्रस्ताव आला की नियामक आयोग नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथे जनसुनावणी घेतो. कोणीही ग्राहक तिथे लेखी हरकत देऊ शकतो, उभं राहून बोलू शकतो. उद्योगांचे प्रतिनिधी तयारीने येतात, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते येतात, दर युनिटमागे किती पैसे यावर तासन्‌तास वाद होतो. आपल्या उपविभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, परमिटशिवाय झालेली कामं किती आणि त्यात मेलेली माणसं किती, हे प्रश्न त्या हरकतींत गावाचं नाव घालून विचारता येतात. कंपनीला त्यांची लेखी उत्तरं द्यावी लागतात आणि ती आयोगाच्या आदेशात छापली जातात.